पांढऱ्या डोक्याचा कावळा

मुलांनो, गिरगावच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका कशालाही 'बघू' म्हणतात. नळ गळतोय, बघू. भिंतीला रंग कोणता, बघू.

परवा त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं. सगळे ताटकळले होते. शेवटी एक कावळा आला, पण त्याचं डोकं आणि एक पंख पांढरा होता. क्वचित असाही कावळा जन्माला येतो. बाकीचे त्याला टोचतात, म्हणून तो एकटाच फिरतो. त्याने भाताचा घास उचलला.

"अहो, हा चालेल का?" त्यांच्या बायकोने हळूच विचारलं.

मला वाटलं, आता 'बघू' येणार.

"आईचे केस तरी कुठे काळे होते?" ते म्हणाले. "चला, पानं वाढा."