अब्जे सरांचा दगड

आमच्या भूशास्त्राच्या सरांना कोटीच्या खालचा आकडा चालत नसे, म्हणून त्यांचं नाव पडलं अब्जे सर. तासाला उशीर झाला की म्हणायचे, "पृथ्वीवर जीव यायला कोट्यवधी वर्षं लागली, ते मी समजू शकतो. पण तुला सायकल लावायला अर्धा तास?"

नाशिकच्या काळ्या दगडाला ते हिंग लावूनही विचारत नसत. पांडवलेण्यांच्या सहलीत आम्ही आ वासून बघतोय आणि हे म्हणतात, "साडेसहा कोटी वर्षांचा कातळ. कालचं पोर!" त्यांचा सगळा जीव आर्कियन काळात, पृथ्वीवर पहिले जीव जन्मले त्या काळात. त्या काळाचा एकच दगड आमच्या प्रयोगशाळेत होता. नारळाएवढा, कांद्यासारखे थर असलेला. अडीच अब्ज वर्षांपूर्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी रचलेले ते थर. कर्नाटकातून येताना सरांनी तो एस्टीत मांडीवर घेतला होता, तान्ह्या बाळासारखा. "त्र्यंबकेश्वरला जाऊन सात पिढ्यांचं करता," ते चिडून म्हणत, "आणि ज्यांनी हवेत प्राणवायू सोडून आपल्याला श्वास दिला, त्या जीवांना एक पिंड नाही!"

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. कॉलेज तपासायला समिती यायची होती. प्रयोगशाळेला रंग काढला, तेव्हा शिपाई पोपटमामांनी सरांचा दगड बाहेर वाटेच्या कडेला ठेवला. वाटेच्या दगडांना दरवर्षी चुना फासायची आमच्याकडे रीत. रंगाऱ्याने हाही रांगेत बसवला आणि फासला! दोन दिवसांनी सर पाहतात, तर शंभरेक पांढरे दगड एका ओळीत.

"ॲसिड आण!" सर माझ्यावर ओरडले. काळ्या दगडावर ॲसिड गप्प राहतं, सरांचा दगड चुनखडीचा, तो फसफसणार. पहिलाच फसफसला. "सापडला!" मग दुसरा फसफसला. तिसराही. अहो, वर्षानुवर्षांचा चुनाच तो, फसफसेल नाही तर काय करेल? मला हसू आवरेना. पण सर मटकन खाली बसले. "गेला गं माझा दगड," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात पोपटमामा चहाची किटली घेऊन आले. "रडता काय सर? रोज पुसतो मी त्याला. खालून खड्डा हाय, अंगठा बरोबर बसतो." किटली ठेवली, डोळे मिटले आणि एकेक दगड चाचपत निघाले. इकडे समितीची गाडी फाटकात, प्राचार्य हार घेऊन उभे आणि मामा वाटेवर रांगतायत! अर्ध्या वाटेवर थांबले. "ह्यो."

सरांनी दगड छातीशी धरला. शर्ट पांढराफटक झाला. तशाच अवतारात त्यांनी समितीला अर्धा तास आर्कियन काळ ऐकवला.

मी चुना खरवडायला गेले, तर म्हणाले, "हात लावू नकोस. थरावर थर चढूनच तो एवढा झालाय. एक आपलाही असू दे."

सर जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिथे मी शिकवते. दगड उचलते तेव्हा अंगठा आपोआप खड्ड्यात जाऊन बसतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हा वरचा पांढरा थर कुठल्या काळातला?"

मी सांगते, "आमच्या सरांच्या."