थोरलीच्या पेशी

संस्थेत त्यांना सगळे आत्या म्हणत. वयाने त्या काही फार मोठ्या नव्हत्या, पण तिसऱ्या मजल्यावरच्या पेशी वाढवायच्या खोलीत कुणाचं काही अडलं की हाक आत्यांनाच जायची. कुणाच्या डिशमध्ये बुरशी शिरली, कुणी सुट्टीवर गेलं आणि पेशींना खायला घालायचं राहून गेलं, की "आत्या, तेवढं बघाल?" आत्या बघायच्या. पेशींना दिवसाआड ताजं पोषक द्रव लागतं आणि त्यांना रविवार कळत नाही. रविवारी दुपारी आत्या घरी परतल्या की त्यांचे यजमान पेपरातून डोकं वर न काढता विचारत, "माहेरची सगळी जेवली का?"

"जेवली."

"मग आता जरा सासरच्यांकडे बघा."

आत्यांचा अभ्यास स्नायूंच्या एका दुर्मीळ आजाराचा. मूल पाच-सहा वर्षं छान खेळतं-बागडतं, मग पायातलं बळ ओसरू लागतं, हळूहळू हातातलं, शेवटी श्वासातलं. त्यावर औषध नाही. आयुष्याची चांगली वर्षं त्यात घालून आत्यांनी एकही मूल वाचवलेलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत. कुणी उंची विचारावी आणि आपण सांगावी, तितक्या सरळपणे.

संस्थेची लिफ्ट तपासायला दर तीन-चार महिन्यांनी एक गृहस्थ येत. त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणत. त्यांची थोरली मुलगी याच आजारात गेली होती. ती असताना तिच्या दंडावरच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला होता, आणि त्यातून वाढवलेल्या पेशी आत्यांच्या ताब्यात होत्या.

मुलगी गेल्यानंतर लिफ्टवाले पहिल्यांदा कामाला आले, तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर दारातच उभे राहिले.

"ताई, तिचं ते… अजून आहे का हो तुमच्याकडे?"

'आहे' म्हणून आत्यांनी थांबायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आहे. वाढतंय. बघायचंय?"

लिफ्टवाल्यांनी कोपरापर्यंत साबण लावून काळे हात धुतले, पुन्हा धुतले, मग एक डोळा मिटून मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"ह्या हलतात का?"

"हलतात, पण इतक्या हळू, की आपल्याला कळत नाही."

"मग तिच्या नसतील," लिफ्टवाले म्हणाले. "आमचं ध्यान एका जागी बसायचं नाही. पाय गेल्यावरसुद्धा खुर्चीतून साऱ्या घराला नाचवायची." आणि हसले. ते हसले म्हणून आत्याही हसल्या.

त्यानंतर दर खेपेला लिफ्टचं काम उरकलं की ते वर येऊ लागले. "काय म्हणते आमची बाई?" असं दारातूनच विचारायचे.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कातडीतून घेतलेल्या अशा पेशी कायम वाढत राहत नाहीत. ठरावीक वेळा दुभंगल्या, एकीच्या दोन झाल्या, की त्या थकतात आणि थांबतात. म्हणून त्या छोट्या छोट्या कुप्यांमध्ये गोठवून ठेवायच्या आणि काम असेल तेव्हाच बाहेर काढायच्या. गोठलेल्या असतात तोवर त्यांचं वय वाढत नाही. खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आत्या हे पहिल्याच दिवशी बजावत. आणि लिफ्टवाल्यांची खेप जवळ आली की, काम असो नसो, त्याच आत्या थोरलीची एक कुपी बाहेर काढत, म्हणजे ते येतील तेव्हा डिश भरलेली दिसावी. उरलेल्या पेशी पुन्हा गोठवून ठेवत, पण त्या आता आधीपेक्षा वयस्क झालेल्या असत. दर वेळी आत्या मनाशी म्हणत, ही शेवटची खेप. मग हातांना साबणाचा वास येणारा तो माणूस दारात उभा राही.

अशी काही वर्षं गेली.

लिफ्टवाल्यांना आणखी एक मुलगी होती. तिच्या रक्तातून सगळी जनुकं वाचली, तेव्हा थोरलीत होता तोच बदल, त्याच जागी, धाकटीतही निघाला. पण हाच बदल घेऊन काही माणसं म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. जनुक सांगतं की घरात धोका आहे. तो अंगावर येईल की नाही, हे सांगत नाही. ते कळलंच तर पेशीतल्या प्रथिनांवरून कळेल, असं आत्यांच्या सरांचं म्हणणं होतं. एका फटक्यात हजारो प्रथिनं मोजणारं यंत्र संस्थेत आलं, तेव्हा सर म्हणाले, "धाकटीच्याही कातडीचा तुकडा घेऊ आणि दोघी बहिणींच्या पेशी शेजारी शेजारी लावू या."

हे कानावर गेलं तेव्हा लिफ्टवाले कामाचा दिवस नसताना आले.

"ताई, म्हणजे धाकटीचं कळेल?"

"कदाचित."

"कदाचित तर कदाचित," ते म्हणाले. "आजवर तेही कुणी म्हणालं नव्हतं."

आत्यांनी थोरलीच्या कुप्या काढल्या. पेशी जाग्या झाल्या, डिशच्या तळाला चिकटल्या आणि तशाच पडून राहिल्या, पसरट, सुस्त. एकीच्या दोन होईनात. आत्यांनी द्रव बदलून पाहिलं, वाट पाहिली, जुन्या कुप्या असतील म्हणून गोठवणाच्या टाकीचा तळ धुंडाळला. अखेर सरांना दाखवलं.

"अहो, या इतक्या म्हाताऱ्या कशा झाल्या? हिच्यावर फारसं काम झालेलंच नाही आपलं."

आत्यांनी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काय केलं असतंत?"

"हाकलून दिलं असतं."

"आता तुम्हाला कोण हाकलणार?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर आत्यांना बरं वाटलं असतं.

होत्या तेवढ्या पेशी विरघळवून यंत्राला दिल्या. दोघी बहिणींमध्ये फरक निघाला, शेकडो प्रथिनांचा निघाला. पण तो आजारी आणि निरोगी पेशींमधला, की थकलेल्या आणि ताज्या पेशींमधला, हे वेगळं काढता येईना. आत्यांनी आकडे उलटेसुलटे लावून पाहिले. येईना.

लिफ्टवाले निकाल ऐकायला आले ते धाकटीला घेऊन. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत्यांनी त्यांना आत खुर्ची दिली आणि काहीही न गाळता सांगितलं. कुप्यांचंही सांगितलं.

लिफ्टवाल्यांना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी बघायला यायचो, म्हणून."

"नाही. मी दाखवायची, म्हणून."

"तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, की बघितल्यानं ती संपतेय…" त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "मी आलो नसतो हो, ताई."

"ठाऊक आहे मला."

"आता पुढे काय?"

आत्यांनी उत्तर शोधलं. धाकटीच्या पेशी जपून ठेवू, असाच आजार असलेलं दुसरं घर सापडतंय का बघू. शब्द तयार होते, पण त्या शब्दांना वर्षं लागणार होती, आणि धाकटीला सहावं लागलं होतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे लक्ष ठेवायचं."

"ते ठेवतोच." लिफ्टवाले उठले. "हिला हल्ली लिफ्टनं नेत नाही. थोरलीचं जिन्यावरच कळलं होतं. कठडा धरायला लागली होती."

बाकावर धाकटी कंटाळली होती. "बाबा, तुमचं बोलणं किती लांबतं!" म्हणत तिने उडी मारली आणि जिन्याकडे पळाली. तिच्यामागे लिफ्टवाले गेले, आणि त्यांच्यामागे, कुणी बोलावलं नसताना, आत्या वरच्या पायरीपर्यंत.

पहिल्या पायऱ्या ती तोंडाने टकटक आवाज काढत उतरली. मग वळणावर तिचा हात कठड्यावर गेला. ती तो तसाच घासत, हळू, खाली निघाली. लहान मुलं कठडा धरतातच. गार लोखंडावरून हात फिरवायला त्यांना आवडतं.

लिफ्टवाले थांबले. त्यांनी मान वळवून वर पाहिलं. ते आत्यांना काही विचारत नव्हते, नुसते बघत होते. आत्यांना मान होकारार्थी हलवता येईना आणि नकारार्थीही.

"बाबा, चला ना!" खालून धाकटी ओरडली.

"आलो," ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.