हैतीचा राजा आमच्या मेळ्यात

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कायदेभंगात दोनदा तुरुंगात गेला. दुसऱ्यांदा सुटून नाशकाला परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. लाठी बसली होती. जेवताना घास सांडायचा आणि आई उगीचच चुलीकडे बघत बसायची. बोटांबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. बोलायचा ते हैतीबद्दल.

हे नाव आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या बराकीत पूर्वी बोटीवर नोकरी केलेला एक कैदी होता, त्यानं दादाला ही गोष्ट सांगितली होती. दूर समुद्रात एक बेट. तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेले गुलाम. हे गुलाम उठले, वर्षानुवर्षं लढले, फ्रेंच बादशहाच्या फौजेला त्यांनी पाणी पाजलं आणि स्वतःचं राज्य उभं केलं. ओसरीवर दहा माणसं जमली की दादा हे सांगे. "गुलामांनी, बरं का. कोयता आणि चाबूक यांच्याखेरीज ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांनी." ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा. मग तो थांबायचा आणि मी विचारायची, "मग पुढे?"

"पुढे काय? स्वतंत्र झाले."

मला ही खोड लहानपणापासूनची. लग्न होऊन राजा-राणी सुखानं नांदू लागली असं सांगून आई गोष्ट संपवायची तेव्हाही मी विचारायची की मग स्वयंपाक कोण करायचं. आई म्हणायची, झोप.

दादा वाईट माणूस मुळीच नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण वडील गेल्यापासून घर त्याच्या शब्दावर चालत होतं. राजा बोले, दल हाले. सिन्नरच्या जमिनीचं धान्य यायचं, आम्ही तिघं खायचो आणि उरलेला जीव देशाला द्यायचो. तो कसा द्यायचा हेही दादाच ठरवायचा. मी मॅट्रिक झाले होते. पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता, राहण्याजेवण्याचं विद्यावेतनात भागणार होतं, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही व्हावंसं मला कधी वाटलंच नव्हतं. पण दादानं आमच्या पुढच्या खोलीत बायकांसाठी सूतकताईचा वर्ग काढला होता आणि तो माझ्या गळ्यात घातला होता.

"स्वराज्य येऊ दे," तो म्हणायचा, "मग शीक हवं तेवढं. आत्ता तू गेलीस तर वर्ग कोण चालवणार?"

हे उत्तर काही खास माझ्यासाठी घडवलेलं नव्हतं. त्या वर्षांत गावात मोठ्या देवळाच्या दारात अस्पृश्य मानलेली माणसं प्रवेशासाठी येऊन बसत होती, दगड आणि शिव्या खात होती. त्यांच्यातला एक जण दादाला भेटायला आला होता. दादानं त्याला मान दिला, ओसरीवर आपल्या शेजारी बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, आधी इंग्रज जाऊ देत, मग दार आपोआप उघडेल. त्या माणसानं शांतपणे चहा संपवला आणि तो उठून गेला. मला तेव्हा दादाची लाज वाटली आणि तशी वाटल्याबद्दल स्वतःचीही.

वाचनालयातून दादाच्या नावावर पुस्तकं मीच आणत असे. एकदा एक जाडजूड इंग्रजी इतिहास हाताला लागला, त्यात हैतीची काही पानं होती. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती लावली. गोष्ट स्वातंत्र्यापाशी संपत नव्हती. तिथून ती खरी सुरू होत होती.

त्या लढवय्यांमधला एक जण, लहानपणी स्वतः गुलाम असलेला, पुढे खाणावळीत राबलेला, बेटाच्या उत्तर भागाचा राजा झाला. साधासुधा राजा नव्हे. मुकुट, राजवाडा, सरदार, उमराव, सगळा थाट. त्यानं शाळा काढल्या, बाहेरून मास्तर आणवले. फ्रेंच पुन्हा येतील या भीतीनं डोंगराच्या माथ्यावर प्रचंड किल्ला बांधला. दगड, तोफा, सगळं माणसांनी वर चढवायचं. आणि मळे? मळ्यांवर तीच माणसं, तोच ऊस, देखरेखीला शिपाई. आता कुणी गुलाम नव्हतं, मजुरीही मिळत होती, पण मळा सोडून जायची मुभा नव्हती. शेवटी राजाला पक्षाघाताचा झटका आला, फौज उलटली, राखणीचे शिपाईसुद्धा निघून गेले, आणि त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. फ्रेंच कधी आलेच नाहीत.

मी पुस्तक मिटलं. मला राजाचा राग आला नाही, हेच मला चमत्कारिक वाटलं. चाबूक पाठीवर खाल्लेल्या माणसाला तो पुन्हा येईल अशी धास्ती वाटणारच. पण त्या धास्तीपायी तो आपल्याच माणसांना म्हणत राहिला की आधी किल्ला, मग तुमचं. हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं.

भाद्रपद जवळ आला. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत गल्लोगल्लीचे मेळे निघत. पदं, संवाद, एखादं नाटुकलं. देवाच्या नावानं देशाचं काय ते बोलून घ्यायचं. आमच्या मेळ्याचा म्होरक्या अर्थातच दादा. त्यानं मला सांगितलं, यंदा हैती लिही. मी लिहिलं, पण तीन भागांत: मळा, लढाई आणि राजा. शेवटच्या प्रवेशात आजारी राजा सिंहासनावरून हाक मारतो, "कोण आहे रे तिकडे?" कुणीच ओ देत नाही. तो पुन्हा हाक मारतो. पुन्हा काही नाही. मग त्याची मान कलते आणि पडदा.

दादानं वाचलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "शेवटी हे कशाला? लोक रडत घरी जातील."

"विचार करत जातील."

"गणपतीत?"

त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. हैतीत बरीच वर्षं ठाण मांडून बसलेले अमेरिकेचे शिपाई अखेर परत गेले. मी त्या त्याच्यापुढे धरल्या. "बघ. किल्ला डोंगरावर तसाच उभा, आणि परके शिपाई खाली गावात."

त्यानं ती बातमी दोनदा वाचली. मग म्हणाला, "ठेव तिसरा भाग. पण राजा मी होणार." त्याला मी काय बोलते आहे ते कळलं होतं की नुसती राजाची भूमिका आवडली होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पदं आणि संवाद पोलिसांकडून मंजूर करून आणावे लागत. तिथल्या कारकुनानं आमची वही चाळली आणि दादाला विचारलं, हे हैती कुठं आलं? फार लांब, अमेरिकेच्या बाजूला, असं दादानं सांगितलं. "मराठे नाहीत ना त्यात? मग हरकत नाही," असं म्हणून त्यानं शिक्का मारला. सरकारच्या या शहाणपणावर आम्ही चार दिवस हसलो.

तांबट गल्लीतल्या एका कारागिरानं पितळी पत्र्याचा मुकुट ठोकून दिला. मुलांनी तव्याची काजळी फासली, दादानं मात्र फासली नाही. राजा कसा दिसतो हे लोकांना ठाऊक असतं, म्हणाला.

ते खरंच होतं, आणि तिथंच माझी फसगत झाली. मळा आणि लढाई हे भाग छान रंगले. मग गॅसबत्तीच्या उजेडात दादा मुकुट घालून आला आणि बसलेली माणसं आपोआप सावरून बसली. पहिला हुकूम होता, "डोंगरावर किल्ला बांधा." माझ्या मते इथं लोकांनी दचकायला हवं होतं. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी कोणत्या गावासाठी लिहिते आहे हेच विसरले होते. गावाबाहेर नजर टाकली की रामशेज किल्ला दिसतो, मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा. लहानपणी प्रत्येकाला त्याची गोष्ट दुधाबरोबर पाजलेली. राजा आणि किल्ला हे दोन शब्द एकत्र आले की आमच्याकडे माणसाचे हात जोडले जातात. दगड वाहणारी मुलं कण्हू लागली तसे लोक त्यांना प्रोत्साहन देऊ लागले. मी पडद्याआड कपाळाला हात लावून उभी होते.

शेवटचा प्रवेश आला. दादा वाकून, एक हात लुळा टाकून बसला होता. त्यानं हाक मारली, "कोण आहे रे तिकडे?"

ठरल्याप्रमाणे शांतता पसरली. त्यानं पुन्हा हाक मारली, आवाज फुटलेला, "कोण आहे रे?"

आणि मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "आमी हाय ना म्हाराज!" कळवणकडून बाजाराला आलेला कुणी शेतकरी होता. पाठोपाठ दुसरा, मग सगळं पटांगण. "आम्ही आहोत महाराज!" बायकासुद्धा.

दादाची मान कलायची होती. ती कलली नाही. तो हळूहळू ताठ झाला. लुळा हात वर आला आणि त्यानं लोकांना आशीर्वाद दिला, त्या न मिटणाऱ्या बोटांनी. पडदा ओढणारा मुलगा गोंधळून गेला. कुणीतरी आरती सुरू केली आणि हैतीचं राज्य तसंच शाबूत राहून संपलं. नंतर लोक दादाच्या पाया पडत होते आणि मुकुट अजून त्याच्या डोक्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते. आई शेजारी भाजी चिरत होती. दादा येऊन खांबाला टेकून बसला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मला पडायचं होतं गं," तो म्हणाला. "पडवेना. ते ओरडले तेव्हा इतकं गोड वाटलं. तुरुंगातून सुटलो तेव्हाही असं वाटलं नव्हतं." मग म्हणाला, "वाईट आहे हे."

मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की हातातलं सूप बाजूला ठेवलं. असं कबूल करायला छाती लागते. वाटलं, आता कळलं याला. म्हणून मी म्हटलं, "दादा, दिवाळीनंतर मी पुण्याला जाते."

त्यानं एकदम मान वर केली. "आत्ता? वर्ग कोण चालवणार? मी सांगितलंय ना, स्वराज्य येऊ दे."

कळणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे मी त्या क्षणी शिकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या राजालाही हीच काळजी होती. मळे कोण चालवणार."

"म्हणजे मी आणि तो एक? मी कुणाला चाबूक मारलाय?"

"नाही. तू पुष्कळ चांगला आहेस."

"मग माझी परवानगी नसताना कशी जातेस?"

"तू तुरुंगात गेलास तेव्हा आईची परवानगी घेतली होतीस?"

आईची विळी थांबली. तिनं वर पाहिलं नाही. दादानं तिच्याकडे पाहिलं, बहुधा ती मला गप्प करील या आशेनं. आई म्हणाली, "नव्हती घेतली," आणि पुन्हा चिरू लागली.

दादाचा आवाज खाली आला. "तूसुद्धा मला सोडून जाणार?"

"सोडून नाही जात," मी म्हटलं. "त्या राजाचे शिपाई न सांगता निघून गेले, दादा. मी तुला सांगून जाते आहे."