शेळ्यांची मालकीण, बागेची अध्यक्ष

बाग करणाऱ्याकडे फुलं कमी आणि किस्से जास्त जमतात. आमच्या हिंगोलीच्या कॉलनी बाग मंडळाचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलनीत एक मोकळा प्लॉट होता. वर्षभरात लोकांनी मिळून बाग केली तर ठीक, नाहीतर तिथं दुकानं होणार, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. मला ती बाग मनापासून हवी होती. मंडळाचा सेक्रेटरी मीच, कारण दारोदार फिरायला सायकल माझ्याकडे होती.

*

पहिल्या मीटिंगचं घरोघर सांगून आलो. आले एकटे हळदीच्या अडतीवरचे गणपतकाका. त्यांनी प्लॉटभर नजर फिरवली आणि म्हणाले, "फुलं लावून काय करता? हळद लावा, बराबर भाव येतो."

मीटिंग संपली.

*

बायको म्हणाली, "मीटिंग म्हणलं की कोण येतंय? हळदीकुंकू ठेवा." संक्रांतीला प्लॉटवरच सतरंज्या टाकल्या आणि वाण म्हणून रोपं दिली. अट एकच, रोप तिथंच लावायचं. अख्खी कॉलनी लोटली. गणपतकाकू तर दोनदा आल्या. "हे सुनेचं वाण," म्हणाल्या. सून तेव्हा माहेरी होती.

*

उन्हाळा आला आणि जो तो आपलं रोप विसरला. तेव्हा दवाखान्यात नर्स असलेल्या कांबळेबाईंनी नियम काढला, आपल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाही, शेजाऱ्याच्या घालायचं. लगेच गल्लीत ऐकू यायला लागलं, "माझा मोगरा काहून सुकून राहिला वो? तुमच्या लिंबाला तर मी रोज न्हाऊ घालते." भांडणं वाढली, पण झाडंही वाढली.

*

राहता राहिल्या पलीकडच्या धोंडाबाईंच्या शेळ्या. त्या आधी बोराटीचं कुंपण खायच्या, मग रोपं. तक्रार केली की धोंडाबाई म्हणायच्या, "मुक्या जनावराला काय कळतंय, बाग कोणती अन् रान कोणतं?"

शेवटी आम्ही धोंडाबाईंनाच अध्यक्ष केलं. हार घातला, तो एका शेळीनं खाल्ला. पण दुसऱ्या दिवसापासून प्लॉटच्या आसपास शेळी दिसेना. मी विचारलं, "आता कसं कळलं त्यांना?"

"अध्यक्षाच्या शेळ्या हायत त्या," धोंडाबाई म्हणाल्या.

*

वर्ष भरलं. नगरपालिकेचे पाहणीचे साहेब आले ते ऐन दुपारी. सगळे आपापल्या घरात, प्लॉटवर मी एकटा. साहेब म्हणाले, "झाडं दिसतात, पण लोक कुठायत? हे तर तुमचं एकट्याचं काम दिसतंय." वर्षाची मेहनत आता जाणार, असंच वाटलं. बोलता बोलता साहेबांनी जास्वंदीचं एक फूल तोडलं.

खटाखट दारं उघडली. "ओ, फूल काहून तोडलं?" गणपतकाका गालाला साबण लावलेले तसेच आले. कांबळेबाई आल्या. एकेका घरातून माणसं येत गेली आणि साहेबांभोवती कडं झालं. सगळ्यात पुढं धोंडाबाई.

साहेबांनी फूल पाठीमागं लपवलं. "राहू द्या तुमची बाग," ते मला म्हणाले. "इथं दुकानं बांधायची तर पोलीस बंदोबस्त लागेल."

आम्ही जिंकलो होतो. आनंदानं मला रडूच आलं. पण धोंडाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बागेचं मागून बोला, साहेब. आधी फूल तोडलं त्या झाडाला पाणी घाला."

साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, "बादली कुठाय?"