न तपासलेली एकोणीस कामं

१९९९च्या सप्टेंबरात पुण्याच्या एका संगणक कंपनीचा कागद इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात आला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्व कामकाजाची तपासणी पूर्ण’. खाली सहीसाठी जागा. संगणक विभागातल्या करुणानं तो वाचला आणि तिची कानशिलं तापली. तपासणी कधी झाली, कोणी केली, तिला ठाऊक नव्हतं. आणि गेली चार वर्षं ती रोज त्याच खोलीत बसत होती.

करुणा अंथुर्ण्याची. वडील ज्ञानदेव याच कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या उतरवायचे. बारामतीला संगणकाचा कोर्स करून ती नोकरीला लागली. शेतकऱ्यांच्या ऊस लागणीच्या तारखा ती भरायची आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा, तो क्रम यंत्र छापायचं. गावोगावच्या तोडी त्या कागदावर ठरायच्या.

अडचण अशी, की यंत्रात वर्षाचे शेवटचे दोनच आकडे होते. २००० आलं की ‘००’ होणार आणि सगळ्या तारखा उलट्यापालट्या होणार. ते बदलायचं काम कंपनीकडं. बदल कुठंकुठं करावा लागेल, हे त्यांनी बारा तपासण्या घेऊन ठरवलं होतं. त्या तपासण्यांत यंत्रातले तीनच प्रोग्राम वापरले गेले, म्हणून तेवढेच तीन बदलायचे.

“बाकीच्या कामांचं काय?” तिनं विभागप्रमुख दीपकरावांना विचारलं.

“बाकीची कुठली? त्यांनी लिहिलंय ना, सर्व.”

“त्यांनी लिहिलंय. मी विचारतीय, कोणकोणती?”

“करुणाताई, तुमचं काम एंट्री करायचं. सही मी करतो.”

दुपारच्या सुट्टीत ती डबा न उघडता कारखान्याच्या गट ऑफिसला गेली. तिथं झुंबरराव होते. वीस वर्षं शेतावर तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस. संगणक त्यांनी लांबूनच पाहिला होता.

“झुंबरराव, तुमी उसाचं जे जे करता ते एकेक सांगा. बारकंसारकं बी सांगा.”

“कशाला गं?”

“लिहून घ्यायचंय. कुणी तुमाला इचारलंच न्हाय, म्हणून.”

झुंबरराव सांगत गेले. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस आधी, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला खोडवा मागनं. सभासद वारला की वारसाच्या नावावर नोंद. भावाभावांची वाटणी झाली की जमिनीच्या एका गटाचे दोन. उसाला आग लागली, तर जळीत ऊस सगळ्यांच्या पुढं, त्याच दिवशी चिठ्ठी. नाहीतर तो वाळतो, रस जातो. वहीची चार पानं भरली. कामं निघाली एकतीस. कंपनीच्या बारा तपासण्या शेजारी मांडल्या, तर एकोणीस कामांना कुणी हातच लावला नव्हता. जळीत ऊस त्यांतच होता.

वही घेऊन ती परत आली, तेव्हा दीपकराव कंपनीच्या माणसाशी फोनवर हसत होते. फोन ठेवून त्यांनी वही चाळली.

“आधी बदल होऊ द्या. बिघडलं तर बघू.”

“साहेब, बदलल्यावर बिघडलं, तर ते आधी नीट चालत होतं का न्हाय, हे कशावरनं सांगणार? जे तपासलं तेवढंच त्यांना दिसलं. न तपासलेलं काय त्यांच्या स्वप्नात येणार हाय?”

“आवाज खाली.”

“आवाज खालीच हाय.”

रविवारी सकाळी ती कारखान्यात गेली. माहितीची वेगळी प्रत काढली आणि यंत्रावर ५ जानेवारी २००० तारीख घातली. जुलै ९८च्या लागणीचा एक खोटा जळीत ऊस भरला. यंत्रानं सांगितलं, ‘लागणीची तारीख चुकीची’. चिठ्ठी निघालीच नाही. तिनं पुन्हा भरलं. पुन्हा तेच. हा प्रोग्राम कंपनीच्या तिनांत नव्हता. तिनं तो निकाल कागदावर छापून घेतला.

सोमवारी तो कागद तिनं थेट शेतकी अधिकारी सावळाराम यांच्यापुढं ठेवला. त्यांना संगणकातलं फारसं कळत नव्हतं. जळीत ऊस मात्र चांगलाच कळत होता.

“म्हणजे जानेवारीत कुणाचा फड पेटला, तर चिठ्ठीच न्हाय?”

“न्हाय. आणि शेतकरी आमाला शिव्या देणार. पुण्याला कोण जातंय?”

सावळारामांनी फोन उचलला. कंपनीची माणसं दुसऱ्याच आठवड्यात आली. करुणाची यादी समोर ठेवून त्यांनी एकेक काम चालवून पाहिलं. बदलायचे प्रोग्राम तिनाचे सात झाले.

“तुम्ही मला डावलून वर गेलात,” दीपकराव म्हणाले.

“तुमच्याकडंच आधी आले होते. तुमीच म्हणालात, बिघडलं तर बघू.”

पुढच्या महिन्यात संचालकांच्या बैठकीत ती यादी सुबक टाइप होऊन गेली. खाली नाव दीपकरावांचं. करुणाला हे शिपायाकडून कळलं. तिनं त्याच दिवशी कार्यकारी संचालकांना अर्ज लिहिला, चार ओळींचा. यादी मी केली, माहिती झुंबरराव यांनी दिली, दोन्ही नावं लावावीत. अर्ज तीन आठवडे पडून राहिला. ती दर सोमवारी जाऊन विचारायची आणि आवक वहीतला नंबर दाखवायची. शेवटी कंटाळून त्यांनी टाइप केलेल्या नावाखाली पेनानं दोन नावं लिहिली. ‘झुंबर’मधला अनुस्वार राहिला, तो तिनं तिथंच उभं राहून घालायला लावला.

माफी कुणी मागितली नाही. डिसेंबरात, जानेवारीच्या तारखा घालून सगळं नीट चालल्यावर दीपकरावांनी विभागाला चहा मागवला. “आपल्या सगळ्यांच्या मेहनतीचं फळ,” असं ते म्हणाले. करुणानं कप टेबलाच्या कडेला सारला आणि वारसनोंदीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून लावली.