सासऱ्यांचं वाफेचं विमान

सून कार्टून मालिकांसाठी आवाज तयार करायची. जुने बूट आपटून ती अख्खी फौज चालवायची. या खेपेला काम मोठं होतं: विजेचा शोध लागलाच नाही आणि सगळं जग वाफेवर चालतं, अशा लोकप्रिय कादंबऱ्यांवरची मालिका. सासऱ्यांना त्या कादंबऱ्या तोंडपाठ, त्यात जन्म गेलेला कारखान्याच्या बॉयलरवर. "पुस्तकांची पार वाट लावणार तुम्ही," असं ते रोज ऐकवायचे.

वाफेच्या विमानाचा आवाज काही केल्या जमेना. तिने पंप, शिलाई मशीन, कुकर सगळं करून पाहिलं, पण दिग्दर्शक नाक मुरडायचा. एका दुपारी सासरे आरामखुर्चीत घोरत होते. तिने कान टवकारले, हळूच माइक त्यांच्या नाकाशी धरला आणि स्टुडिओत जाऊन तो आवाज जरा संथ केला. दिग्दर्शक एकदम खूश झाला.

पहिला भाग घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. विमान ढगांतून वर आलं तसे सासरे सरसावून बसले.

"याला म्हणतात इंजिन. हे करणाऱ्याने बॉयलर जवळून ऐकलेला आहे."

"मीही ऐकलाय," सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं, उशीला उशी लावून."

सुनेला हसू आवरेना. सासऱ्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. आता आकाशपाताळ एक करतील म्हणून ती पळायच्या बेतात होती.

त्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "शेवटी नावं येतात, त्यात माझं आहे का?"

ते नव्हतं. पुढच्या भागापासून तिने घालायला लावलं.