एका कोयत्याचे दोन केसपेपर

“मॅडम, नवऱ्याच्या गोळ्या बायकोला लिहिल्यात का तुम्ही?”

सकाळचे अकरा वाजले होते. शिंदे सिस्टरांनी कालचे दोन केसपेपर पुढ्यात ठेवले. खरं सांगते, मनात पहिलं आलं ते, आता ही काय नवी कटकट! भीती मागून आली.

आमचा दवाखाना नेवाशाजवळ. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी इथं नुसती जत्रा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची मोजणीच तशी. ओपीडीतही दोघं जोडीनं बसतात, कागद एकाच पिशवीत. कालच्या जोडीतल्या सुमनबाईंचे गुडघे दुखत होते, शुगर नवऱ्याला होती. मी मान वर न करता लिहीत गेले आणि अदलाबदल झाली. शुगर नसलेल्या माणसानं ती गोळी उपाशीपोटी खाल्ली, तर रक्तातली साखर धाडकन उतरते. जीवही जातो.

बाईंचा चेहरा आठवून पाहिला. आठवेचना.

त्यांची टोळी पहाटेच ट्रकनं निघाली होती. नवऱ्याचा फोन बंद. मुकादमाचा लागला.

“ट्रक थांबवा आधी! सुमनबाई कशा आहेत?”

“लई घाम सुटलाय तिला. बरळतीय. आमी म्हनलं, गाडी लागली.”

“गिळता येतंय?”

“व्हय.”

“साखरेचं पाणी पाजा, आणि जवळच्या दवाखान्यात पळवा. त्या गोळ्या कुणीच खाऊ नका!”

पुढचा तासभर मी देवाचं नाव घेत फोनकडे बघत होते. मग तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. सलाईन लावलंय, बाई बोलतायत. मी सिस्टरांसमोरच रडले.

तशीच सुपरिंटेंडंटकडे गेले. झालं ते सांगितलं आणि सुट्टी मागितली.

“आत्ता? बाहेर गर्दी बघितलीस?”

“गर्दीच दिसते सर. माणूस दिसत नाही. भीती वाटते मला माझीच.”

याला बर्नआउट म्हणतात. हा थकवा झोपून जात नाही, समोरच्याचं काही वाटेनासं होतं. मला पंधरा दिवस मिळाले, सीझनपुरता दुसरा डॉक्टर आला, आणि नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे मी जाऊ लागले. आता गोळी देण्याआधी सिस्टर नाव मोठ्यानं विचारतात.

उन्हाळ्यात टोळी परतली. सुमनबाई समोर बसल्या आणि हसल्या.

“आज कुनाच्या गोळ्या देताय, मॅडम?”

मी हसू शकले नाही. पेन खाली ठेवून त्यांच्याकडे नीट बघितलं. कपाळावर गोंदण होतं. मागच्या वेळीही असणारच.

डॉक्टरनं सुट्टी मागितली की आजही लोक म्हणतात, चैन आहे बुवा. म्हणोत. सुमनबाईंना विचारा.